सीमा नैसर्गिक असली की भांडण होत नाही, हे खरंच पटतं का?

मोजणीदार
“नदी-डोंगरांच्या सीमा निसर्गानेच घातल्या म्हणून टिकतात, पट्टीने ओढलेल्या सीमांमुळे युद्धे होतात” अशी एक पोस्ट फिरते आहे आणि जाणते लोकही तिला माना डोलावताहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिका-कॅनडामधली ४९ अंशांची रेषा पट्टीनेच ओढलेली. मोजणी पथकांनी ताऱ्यांचे वेध घेऊन खांब रोवले, पण जवळच्या डोंगरांच्या ओढीने ओळंबा कलतो आणि अक्षांश चुकतो. अक्षांशात एका सेकंदाची (अंशाच्या ३६००व्या भागाची) चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. त्यामुळे खांब कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला पडले, काही ठिकाणी शेकडो फुटांनी. तरी भांडण नाही. १९०८च्या करारात खांबांनी दाखवलेली रेषा हीच सीमा मानली आणि १९२५मध्ये लगतच्या दोन खांबांमध्ये सरळ रेषा धरायची असं ठरलं. वाद तिथेच संपला.

आता नैसर्गिक सीमा घ्या. १९०४च्या फ्रान्स-सयाम करारात (सयाम म्हणजे आजचं थायलंड; कंबोडिया तेव्हा फ्रेंचांकडे) डांग्रेक डोंगररांगेतला जलविभाजक, म्हणजे जिथून पाणी दोन बाजूंना वाहून जातं तो माथा, हीच सीमा, असं स्वच्छ लिहिलं होतं. १९०७मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी नकाशा काढला आणि त्यात प्रेआ विहिअरचं मंदिर कंबोडियाकडे गेलं. खटला उभा राहिला तेव्हा पाणी कुठे वाहतं यावर निकाल लागलाच नाही. सयामने वर्षानुवर्षं त्या नकाशावर हरकत घेतली नव्हती, म्हणून १९६२मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाला दिलं. करारातलं वाक्य, नकाशा आणि खांब यांचा मेळ बसला नाही की वाद होतो. मग सीमा डोंगराची असो की अक्षांशाची.

अक्षवृत्त
खांब नीट रोवले की प्रश्न मिटला? अफगाणिस्तान आणि ब्रिटिश हिंदुस्थान (आज पाकिस्तान) यांच्यातली ड्युरँड रेषा १८९३ची, पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्या बऱ्याच भागात खांबही लागले. तरी अफगाणिस्तान तिला आंतरराष्ट्रीय सीमा मानत नाही, कारण ती पश्तून वस्तीच्या मधून गेली. सीमांचं वर्गीकरण नदी, डोंगर, सरळ असं करण्यात अर्थच नाही. वस्तीच्या आधी आली की नंतर, लोकांशी जुळवून आली की वरून लादली, हे बघायचं. तुमची ४९ अंशांची रेषा पाठ्यपुस्तकात ‘पूर्ववर्ती’, म्हणजे वस्तीच्या आधी आलेली, म्हणून येते, आणि तिथल्या मूळ रहिवासी ब्लॅकफूट लोकांची भूमी तिने दुभंगली ते कुणी सांगतही नाही. तिथे भांडण नाही, कारण ज्यांचं भांडण होतं त्यांना करारात जागाच नव्हती.

खाडीकाठ
डोंगर सोडा, नद्यांवर बोला. “नदी ही सीमा” असं लिहिणाऱ्याने चार गोष्टी लिहायच्याच राहिल्या: कुठला काठ की मध्य, मध्य म्हणजे पाण्याचा की सर्वांत खोल धारेचा, नदीला दोन फाटे असतील तर मुख्य कुठला, आणि पात्र सरकलं तर काय.

अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीवर नियम होता: पात्र हळूहळू सरकलं तर सीमा सोबत सरकते, पुराने एकदम उडी मारली तर सीमा जुन्या पात्रातच राहते. तिच्या काठच्या चामिसाल नावाच्या पट्ट्यात नदीने दोन्ही केलं. १९११च्या लवादाने १८६४च्या पुराआधीचं पात्र धरून जमीन वाटायला सांगितलं, पण ते पात्र जमिनीवर दाखवणार कसं? अमेरिकेने निवाडा नाकारला. वाद मिटला १९६३च्या करारात, तोही नदीला काँक्रीटच्या पात्रात बांधायचं ठरवून.

नामिबिया-बोत्सवाना सीमेवरच्या चोबे नदीतल्या कासिकिली/सेदुदू बेटाचंही तेच. १८९०च्या करारात मुख्य प्रवाहाचा मध्य असं होतं, पण बेटाच्या दोन्ही बाजूंनी प्रवाह. १९९९मध्ये न्यायालयाने खोली, रुंदी, वाहणारं पाणी सगळं मोजून उत्तरेचा फाटा मुख्य ठरवला आणि बेट बोत्सवानाला गेलं.

मोजणीदार
कच्छ आणि सिंधमधली सर क्रीक खाडीही याच रांगेतली. १९१४च्या मुंबई सरकारच्या ठरावासोबतच्या नकाशात हिरवी रेषा पूर्व काठाने जाते, आणि त्याच ठरावात नौकानयनयोग्य प्रवाहाच्या मध्याचा आधारही घेतलेला आहे. पाकिस्तान पहिलं धरतो, भारत दुसरं. खाडीचं मुख कुठे धरता यावर समुद्रातली हद्द ठरते, म्हणून दोघेही हटत नाहीत.

अक्षवृत्त
नौकानयनयोग्य आहे का, हाच तर तिथला वाद आहे! पाकिस्तान म्हणतो खाडीत जहाजं चालत नाहीत, म्हणून मध्यप्रवाहाचा नियम लागू नाही.

खाडीकाठ
भरतीच्या वेळी नावा जातात की. तुम्ही भरती-ओहोटी मोजता की फक्त राजकारण वाचता?

अक्षवृत्त
मी कागद वाचतो. एरिट्रिया-इथिओपिया बघा. २००२मध्ये सीमा आयोगाने जुन्या तीन करारांवरून रेषा ठरवली, वादातलं बाडमे गाव एरिट्रियाला दिलं. इथिओपियाने मानलं नाही, खांब रोवता आले नाहीत. शेवटी २००७मध्ये आयोगाने अक्षांश-रेखांशांची यादीच सीमा मानली आणि काम थांबवलं. इतकी काटेकोर सीमा, आणि सैन्य जागचं हललं नाही. याला तुमचा थिओडोलाइट, ते कोन मोजायचं यंत्र, काय उत्तर देणार?

मोजणीदार
हे मान्य करावं लागेल: इच्छा नसेल तर आकडे निरुपयोगी. पण इच्छा असूनही गचाळ कागद घात करतो. ईशान्य भारत आणि तिबेट यांच्यातली १९१४ची मॅकमोहन रेषा इंचाला आठ मैल प्रमाणाच्या नकाशावर आखली. त्यावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर जवळजवळ ५०० मीटर, आणि रेघ तर जाड. थाग ला कडा रेषेच्या कुठल्या बाजूला, यावर नकाशा एक सांगतो आणि जलविभाजकाचं तत्त्व दुसरं. १९६२च्या भारत-चीन युद्धाची ठिणगी नामका चू दरीत पडली ती याच जागी. भारत-चीन वाद त्याहून मोठा आहे, मान्य, पण त्या दरीपुरता दोष नकाशाचाच.

अक्षवृत्त
त्या दरीपुरता ठीक. इजिप्त-सुदान सीमेवरच्या बीर तविल या पट्ट्याचा खुलासा मात्र नकाशाने होत नाही. १८९९ची रेषा २२ अंशांवर सरळ, १९०२ची प्रशासकीय रेषा टोळ्यांच्या चराऊ जमिनी बघून वाकडी. इजिप्त पहिली धरतो, सुदान दुसरी, कारण दोघांनाही समुद्रकाठचं हलाइब हवं, आणि ज्या रेषेने हलाइब मिळतं तिनेच बीर तविल समोरच्याकडे जातं. म्हणून बीर तविल दोघांपैकी कुणीच मागत नाही. दोन्ही कागद स्पष्ट आहेत!

खाडीकाठ
आणि डोंगर तरी कुठे स्थिर? आल्प्समधल्या हिमनद्या वितळताहेत, जलविभाजक सरकतो. इटली आणि ऑस्ट्रियाने तिथे सीमाही सोबत सरकेल असं मान्य केलं. नदीच्या करारांतही हे एक वाक्य आधीच लिहायला हवं होतं.