मदत हवी आहे: मायटर सॉचा (कोनात कापणाऱ्या करवतीचा) लेझर जुळत नाही, कट २ मिमी बाजूला जातोय

सागवान_पट्टी
लेझरची रेघ पेन्सिलच्या खुणेवर बरोबर आणतो, लाकूड क्लॅम्प करतो, तरी कट २ मिमी बाजूला पडतो. लेझरचे स्क्रू फिरवून झाले, आता आणखीच बिघडलंय. कुठला स्क्रू कुठे आणि किती फिरवायचा तेवढंच सांगा. परवा दाराच्या चौकटी लावायच्यात.

काटकोन_९०
लेझर कुठे बसवलाय? पात्याच्या बोल्टखाली वॉशरसारखा गोल, की पात्यामागे डबीत? कट कुठल्या बाजूला जातो? लाकूड किती जाडीचं? एवढं कळल्याशिवाय स्क्रूबद्दल काय सांगणार?

जुनी_करवत
वॉशरवाला असेल तर आधी सेल बदला. बटण सेल उतरले की रेघ फिकट होते. प्लग काढून मगच हात घाला. बहुतेक मशीनवर पात्याच्या बोल्टला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो. उलट जोर लावला तर तो आणखी आवळतो आणि बोल्टचं डोकं गोल होतं.

काटकोन_९०
काका, वॉशरवाल्याला सहसा जुळवायचे स्क्रू नसतात. हे तर स्क्रू फिरवलेत म्हणतायत. डबीतलाच असणार.

सागवान_पट्टी
हो, डबीतला. मशीन २५५ मिमी पात्याचं, स्लाइडिंग (पात्याचं डोकं पुढे-मागे सरकतं). कट डावीकडे जातो. पातं गेल्या आठवड्यात बदललं, ४० दातांचं काढून ६० दातांचं लावलं. पण दातांचा लेझरशी काय संबंध?

फेन्स_फर्स्ट
दातांचा नाही, जाडीचा आहे. पाकिटावर दोन आकडे असतात, कापाची जाडी आणि पत्र्याची जाडी. ते द्या.

आणि लेझरला हात लावण्याआधी फेन्स (लाकूड टेकवायची मागची पट्टी) तपासा. प्लग काढून पातं खाली आणा, गुण्या फेन्सला आणि पात्याच्या सपाट पत्र्याला टेकवा. दातांना टेकवू नका, कार्बाइडची टोकं पत्र्याच्या बाहेर असतात, तिथे गुण्या खोटं सांगतो. मग १०० मिमी रुंदीची सरळ पट्टी कापा, एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेल्या बाजू एकमेकांना भिडवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. फेन्सच वाकडी असेल तर लेझर जुळवून काही उपयोग नाही.

सागवान_पट्टी
जुनं २.८ / १.८, नवं २.२ / १.६. फेन्स बरोबर आहे, फट नाही.

प्लाय_१८
म्हणजे ०.६ चा फरक. लेझर तेवढा सरकवा, झालं.

फेन्स_फर्स्ट
नाही. पात्याची मोटारीकडची बाजू आतल्या फ्लॅन्जला (पात्यामागच्या चकतीला) टेकते, ती जागा बदलत नाही. जुन्या पात्याचे दात पत्र्याच्या प्रत्येक बाजूला ०.५ बाहेर होते, नव्याचे ०.३. म्हणून मोटारीकडची कड ०.२ ने आत आली. बाहेरची कड फ्लॅन्जपासून २.३ वर होती, ती १.९ वर आली, म्हणजे ०.४ आत. यातून २ मिमी निघत नाहीत.

खाच_बघा
काटकोन यांनी जाडी विचारली होती, तिचं उत्तर अजून आलेलं नाही. पातळ पट्टीवरही २ मिमीच का?

सागवान_पट्टी
आत्ता बघितलं. १२ मिमीच्या पट्टीवर बरोबर येतंय! ६५ मिमीच्या चौकटीवर २ मिमी.

खाच_बघा
मग तिथेच आहे दोष. लेझरचा पडदा (रेघ पाडणारा प्रकाशाचा पातळ पट्टा) पात्याच्या पातळीशी समांतर नाही, कललेला आहे. ५३ मिमी उंचीत २ मिमी, म्हणजे साधारण २ अंश. रेघ नुसती डावी-उजवीकडे सरकवून एकच जाडी जुळेल, दुसरी बिघडेल. तुमचं तेच झालंय.

असं करा. टाकाऊ ६५ मिमीचा तुकडा क्लॅम्प करा, वरून ५ मिमी खोल खाच पाडा, आरपार नको. पातं पूर्ण थांबू द्या, डोकं वर घ्या, लाकूड हलवू नका, लेझर लावा. रेघ खाचेच्या कुठल्या भागावर पडते ते लिहून ठेवा. तेच १२ मिमीच्या तुकड्यावर. दोन्हीकडे रेघ एकाच जागी पडेपर्यंत फक्त कलाचा स्क्रू फिरवायचा, एका वेळी अष्टमांश फेरा. समोरासमोर दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) असतील तर आधी एक सैल करा, मग दुसरा आवळा. दोन्ही आवळत गेलात तर डबी तडकते. मग डोकं पुढे-मागे सरकवा. रेघ खाचेवरून बाजूला गेली तर ती समांतर नाही, डबी फिरवा. सरकवणं सगळ्यात शेवटी, कारण आधीचे दोन बदल रेघेची जागाही हलवतात.

रेघ स्वतः मिमीभर जाड असते. तिची मधली जागा बघू नका, एक कड ठरवा आणि खाचेच्या त्याच बाजूच्या कडेला लावा.

फेन्स_फर्स्ट
लेझर मशीनच्या विजेवर असेल तर प्लग लावावाच लागतो. ट्रिगरला भोक असेल तर कुलूप घाला. लेझरच्या लेबलवर क्लास २ (कमी ताकदीचा) असलं तरी किरण डोळ्यांत घेऊ नका, चकचकीत पात्यावरूनही परततो.

प्लाय_१८
जुळल्यावर स्क्रूवर थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब टाका, हादऱ्याने सुटणार नाहीत.

काटकोन_९०
धातूच्या डबीतच. थ्रेडलॉकरने काही प्लास्टिकला चिरा जातात. प्लास्टिकच्या डबीला नकोच, महिन्याकाठी खाच पाडून तपासा.

जुनी_करवत
एवढा खटाटोप कशाला? पातं बंद ठेवून खाली आणा, दात खुणेला टेकवा, मग कापा. लेझर उन्हात दिसतही नाही.

प्लाय_१८
त्यापेक्षा एलईडीची सावलीरेघ. दिवा पात्यावरून पडतो, पात्याचीच सावली लाकडावर येते. पातं बदललं तरी जुळवायचं काही नाही. डीवॉल्टच्या डीडब्ल्यूएस७८० वर असते.

खाच_बघा
सावली चांगलीच, पण यांना परवा काम द्यायचंय, नवं मशीन घ्यायचं नाही.

सागवान_पट्टी
जुळलं. १२ वर आणि ६५ वर रेघ खाचेच्या डाव्या कडेला. कलाचा स्क्रू डबीच्या मागे, भुशाखाली झाकलेला होता, म्हणून दिसलाच नाही. काचेवरचा भुसा कापसाच्या काडीने पुसला, रेघही बारीक झाली. पण पातं ४५ ला कलवलं की पुन्हा थोडी सुटते?

खाच_बघा
डबी डोक्याबरोबर कलते ना? मग उरलेलं अंतर आडव्या लाकडावर १.४ पट दिसतं. ०.५ असेल तर ०.७. डबी कलत नसेल तर कललेल्या कटाला लेझर वापरूच नका, दात खुणेला टेकवा.

जुनी_करवत
६० दातांचं घेतलंत ते निगेटिव्ह हुकचं (दात मागे कललेलं) आहे का? स्लाइडिंगला तेच हवं, नाहीतर पातं लाकडावर चढतं.