कॉलेजच्या ग्रंथालयात मुलांना कपाटांपर्यंत जाऊ द्यायचं आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे देवघेव अजून खिडकीवरूनच चालते. मुलांनी चिठ्ठीवर नाव लिहायचं, परिचरांनी पुस्तक आतून आणून द्यायचं. पुस्तकाचं नाव ठाऊक असेल त्याचं काम होतं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं मात्र "मॅडम, इतिहासाचं काहीतरी द्या ना" एवढंच म्हणतात. मागे रांग असली की तेवढंही न बोलता निघून जातात.

परवा एफवायच्या एका मुलीला आत नेलं आणि ९५४ क्रमांकाच्या, म्हणजे भारताच्या इतिहासाच्या कपाटांसमोर उभं केलं. प्रकल्पाचा विषय मराठेशाही. तिने स्वतः चाळून पुस्तकं निवडली. त्यातल्या जमीन महसुलावरच्या पुस्तकाच्या तारीखपत्रकावर (पुस्तक दिल्याची तारीख उमटवतो त्या चिठ्ठीवर) एकही शिक्का नव्हता! इतकी वर्षं ते कुणी मागितलंच नव्हतं, कारण ते आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच नियमांतला पहिला, १९३१ सालचा. तो माझ्या ग्रंथालयात लागू व्हावा असं मनापासून वाटतं.

प्राचार्यांचा प्रश्न एकच: पुस्तकं गेली तर जबाबदार कोण? केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७, नियम २१५) वर्षभरात वापरलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी मानलं आहे. अट अशी की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी करावीच लागते. पण हे नियम केंद्र सरकारी कार्यालयांचे. कुणाच्या ग्रंथालय समितीने याच धर्तीवर ठराव केला आहे का? मसुदा मिळाला तर फार उपकार होतील.

आणखी एक. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टची (कॉलेजांसाठी ऑनलाइन पुस्तकं आणि नियतकालिकं देणारी सेवा) खाती मुलांना काढून दिली आहेत, पण पासवर्ड मेलवर जातो आणि मुलं मेल उघडतच नाहीत. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १
ताई, सगळं एकदम उघडू नका. आम्ही आधी फक्त मराठी आणि इतिहास खुलं केलं. पिशव्या दाराबाहेर. "वाचलेलं पुस्तक टेबलावरच ठेवा" अशी मोठी पाटी लावा. चोरीपेक्षा चुकीच्या जागी खोचलेली पुस्तकंच जास्त छळतात. पडताळणीत तीच 'गहाळ' दिसतात. ती जागेवर लावायला 'कमवा आणि शिका'मधली दोन मुलं मागून घ्या. हीच मुलं पुढे इतरांना आत घेऊन येतात, हा आमचा अनुभव.

प्रतिसाद २
एन-लिस्टसाठी वर्गवार संगणक कक्षात बसवा आणि पहिलं लॉगिन तुमच्यासमोरच करून घ्या. प्रत्येकाने आपल्या विषयाचा एक लेख शोधून डाउनलोड केल्याशिवाय उठायचं नाही. आमच्या समितीच्या ठरावाची प्रत आहे माझ्याकडे, व्यक्तिगत निरोप करा, पाठवतो.

धागाकर्ती
दादा, निरोप केला आहे. समितीची बैठक शुक्रवारी आहे, त्याआधी मिळाली तर बरं होईल.