भातलावणीतला ताप: उपचार मोफत, तरी माणूस उशिरा का पोचतो?

वेंगुर्लेकरीण:
गेल्या जुलैत आमच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, लावणी चालू होती. माझे यजमान आणि तरवा (भाताची रोपं) काढायला रोजावर येणाऱ्या काकी, दोघं एकाच चिखलात. एकाच आठवड्यात दोघांना ताप आला, पोटऱ्या ठणकायला लागल्या. यजमानांना दुसऱ्याच दिवशी गाडीत घालून गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. लेप्टो (उंदरा-गुरांच्या लघवीतून चिखलपाण्यात येणारा ताप) निघाला, आठवड्यात घरी आले. काकी पाचव्या दिवशी तालुक्याला पोचल्या, तोवर डोळे पिवळे आणि लघवी जवळजवळ बंद. वाचल्या, पण अजून भरली कळशी उचलवत नाही.

मी आधी विचारलं होतं. म्हणाल्या, "वयनी, ताप येता नि जाता. लावणी सोडून कशी बसू?" मी गप्प बसले, ते अजून सलतं.

काकींकडे रेशनकार्ड आहे, म्हणजे सरकारी आरोग्य विमा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत आहेत. मग ग्रामसभेत मागायचं तरी काय?

सड्यावरचा:
मोफत म्हणजे केसपेपर, औषध, खाट. रिक्षा आणि सोबत बसलेल्या लेकीचा बुडालेला रोज कोण देणार? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत २०१३-१४ साली एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ ला ३९.४. घट खरी आहे, पण बुडालेली मजुरी त्यात धरतच नाहीत.

निवृत्त आरोग्यसेविका:
ताई, लेप्टो होऊच नये म्हणून गोळ्या मागा. चिखलात उतरणाऱ्याला आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर. गरोदर बाई आणि लहान मुलांना नाही, डॉक्टरांना विचारूनच. गोळी स्वस्त आहे. विम्याचा पैसा माणूस खाटेवर पडल्यावर सुटतो, त्याआधीच्या कामाला माणसं आणि निधी दोन्ही अपुरे. माझ्या उपकेंद्राखाली सात वाड्या होत्या, पावसात व्हाळ भरला की दोन तुटायच्या. म्हणून वाटप तरवा काढायच्या आधी, वाडीवर जाऊन व्हायला हवं. पायाला भेगा असतील त्यांना आधी.

वेंगुर्लेकरीण:
गोळ्यांचा अर्ज उद्याच देते. आणि सड्यावरचे, तुमचं वाचून झोप लागली नाही. काकींचा रोज देणारी मीच होते. "झोपून राहा, पैसे देते" एवढं म्हटलं असतं तर त्या पहिल्या दिवशीच गेल्या असत्या. मिरगाआधी वाडीतल्या शेतकऱ्यांना बसवते आहे: तापाचे दिवस भरून द्यायचे. कुठल्या गावात असं करतात का? किती दिवसांचे देतात?