प्रतिसाद : फोनवरच्या आश्वासनावर पैसे भरू नका

वसुली एजंट फोनवर म्हणतो, 'आज थकबाकीच्या चाळीस टक्के भरा, कर्ज खातं बंद करतो.' तुम्ही विचारलंत, भरायचे का? नाही. आधी बँकेच्या लेटरहेडवर तडजोडीचं मंजुरीपत्र घ्या. त्यात कर्ज खाते क्रमांक, तडजोडीची रक्कम, भरण्याची शेवटची तारीख आणि उरलेली बाकी माफ करून खातं बंद करणार, हे स्पष्ट हवं. पैसे त्याच कर्ज खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. तडजोडीची रक्कम हप्त्यांनी भरायची सोय मिळाली तर एकही हप्ता चुकवू नका. बहुतेक पत्रांत 'मुदत चुकल्यास सवलत रद्द' अशी अट असते, मग भरलेली रक्कम मूळ थकबाकीत वळती होते.

घासाघीस करताना मुद्दल, व्याज आणि दंडाची रक्कम वेगळी दाखवणारा उतारा मागा. सवलत आधी दंडात आणि व्याजात मिळते. मुद्दलात सूट बहुधा कर्ज विनातारण आणि थकीत खातं जुनं असेल तरच मिळते. तारण असेल तर बँक फारशी हलत नाही, आणि सवलत हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. विनातारण कर्जाच्या वसुलीसाठी बँकेने कोर्टात दावा करण्याची मुदत साधारण ३ वर्षं. ती संपण्याआधी 'थोडे तरी भरा' म्हणून भरलेली रक्कम किंवा कर्जाची लेखी कबुली ती मुदत नव्याने सुरू करू शकते. म्हणून बँकेला तडजोडीचा प्रस्ताव लिहिण्याआधी शेवटच्या भरण्याची तारीख तपासा, वकिलाला दाखवा.

सिबिलच्या पत अहवालात 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं कर्ज, असा शेरा येईलच. जामीनदाराचं नावही पत्रात मोकळं करून घ्या.