मेक्सिकोत पिक्चर-गेम भाड्याने द्यायचं मशीन टाकावं का?

ग्वादालाहाराकर: इथे मॉलमध्ये डीव्हीडी आन् गेम भाड्याने देणारं सेल्फ-सर्व्हिस मशीन टाकायचं डोक्यात आहे, नोकर ठेवायला नको, जागा पण थोडीच लागते, चालेल का?

खवचट: अरे भाऊ, अमेरिकेत अशीच मशीनं चालवणाऱ्या रेडबॉक्सने 2024 मध्ये गाशा गुंडाळला. तुमच्याकडची पिक्चर भाड्याने देणारी ब्लॉकबस्टरची दुकानं 2014 ला ग्रुपो सालिनास या मेक्सिकन उद्योगसमूहाने घेतली तीही टिकली नाहीत, नेटफ्लिक्स 2011 पासून आहे आणि वर मेक्सिको सिटीतल्या तेपितोसारख्या बाजारात पायरेटेड डिस्क, मग भाड्याने कोण नेणार?

गेमवेडा: पिक्चर सोडच. नवीन गेमची डिस्क महाग असते म्हणून तिथे थोडा वाव आहे, पण डिपॉझिटचं काय? बरेच जण रोखीवालेच, कार्डावर रक्कम अडकवून ठेवता येत नाही.

ग्वादालाहाराकर: ऑक्सोच्या दुकानात रोख भरून मशीनसाठी कोड दिला तर?

गेमवेडा: पैसे येतील रे, डिस्क परत कशी येणार ते सांग.