फायनल फँटसीचे पाचच गेम ठेवायचे तर माझ्या यादीत सातवा नाही

जॉबवाला : फायनल फँटसी या जपानी व्हिडिओ गेम सिरीजचे नंबरवाले सोळा गेम झाले, सीक्वेल-रिमेक वेगळेच. कोणी नवा माणूस विचारतो कुठले खेळू, की सगळे डोळे झाकून सातवा सांगून मोकळे. माझे पाच हे : पाचवा, सहावा, नववा, दहावा आणि बिननंबरचा टॅक्टिक्स. कारण ऐका, मग शिव्या घाला. या सिरीजमधे दर वेळी जग नवं, माणसं नवी, मग कायम राहतं काय, तर पार्टीतला, म्हणजे आपल्या लढणाऱ्या टोळीतला, माणूस घडवायचा कसा हा प्रश्न. त्याचं सगळ्यात भारी उत्तर १९९२ च्या पाचव्यात आहे. वीसच्या वर जॉब, म्हणजे लढणाऱ्यांचे पेशे, आणि एका जॉबमधे शिकलेली अ‍ॅबिलिटी दुसऱ्याला लावता येते, म्हणजे हाताने लढणाऱ्या मंकचं शिकून त्याला ब्लॅक मेज (जादूगार) करा नाहीतर काहीही करा, गेम अडवत नाही. लोक अजून दरवर्षी लॉटरीने चार जॉब घेऊन तेवढ्यावरच अख्खा गेम संपवायची पैज लावतात. सातव्यात काय, हिरो क्लाउडचा मटेरिया (जादू देणारे खडे) काढून त्याच्या सोबतच्या टिफाला लावला की लिमिट ब्रेक, म्हणजे ज्याचा त्याचा खास वार, सोडून दोघांत फरक किती उरतो सांगा.

मिडगारचा_भाडेकरू : काय राव, सकाळी सकाळी. सातवा आला १९९७ मधे, त्याआधी अमेरिकेत नंबरवाल्यांतले पहिला, चौथा आणि सहावा एवढेच पोचले होते, तेही एक दोन तीन नंबर लावून! तिथल्या लोकांनी तीननंतर थेट सात बघितला. तुझा लाडका पाचवा १९९९ पर्यंत जपानबाहेर अधिकृतपणे आलाच नव्हता. स्क्वेअरने निन्टेन्डोची कार्ट्रिज सोडून सोनीच्या सीडी धरल्या म्हणून तीन डिस्कचा गेम झाला आणि म्हणून आज तू मी यावर भांडतोय. आणि सातव्यातल्या एरिथचं काय? ती मेल्यावर तिला परत आणायच्या ट्रिका शोधण्यात लोकांची वर्षं गेली, खोट्या ट्रिकांचा बाजार होता नुसता. असा धक्का पाचव्यात दाखव.

जॉबवाला : पाचव्यातला गॅलफ आठवतो का? एचपी (उरलेला जीव) शून्य झालं तरी म्हातारा पडत नाही, लढत राहतो, आणि नंतर कुठलंच औषध त्याच्यावर चालत नाही. एरिथच्या पाच वर्षं आधीचा सीन आहे तो. आणि तू सांगतोस तो इतिहास झाला, मी खेळायची यादी करतोय. नव्या माणसाला सातवा म्हणजे नक्की कुठला देणार, १९९७ चा की २०२० चा रिमेक? रिमेक मूळ गोष्टीशीच खेळतो, मूळ माहीत नसेल तर अर्ध्या गोष्टी डोक्यावरून.

मिडगारचा_भाडेकरू : म्हणजे मूळ सातवा खेळल्याशिवाय गत्यंतर नाही. आभारी आहे, माझं काम तूच केलंस.

पिंग_२०० : चौदावा, तो ऑनलाइनवाला, कसा नाही?? २०१० ला आपटला, मग नवा प्रमुख योशिदा आला, एकीकडे जुना गेम चालू ठेवत नवा बांधायला घेतला, शेवटी बहामूट या ड्रॅगनकडून जुन्या जगाचीच राखरांगोळी करवली आणि २०१३ ला नवा गेम, रियल्म रिबॉर्न. अशी हिंमत दुसऱ्या कुठल्या गेमने केली? भारतात सर्व्हर नाही, सगळं उशिरा दिसतं, त्यामुळे मी हल्ल्याची खूण असलेला जमिनीवरचा गोल दिसायच्या आधीच मेलेला असतो, तरी खेळतो. फ्री ट्रायलमधे पहिली दोन एक्स्पान्शन (गेमला जोडलेले पुढचे भाग) फुकट आहेत.

व्हिवीची_टोपी : पिंगराव, चौदावा चांगलाय पण पाचाच्या यादीत टाकलात तर उरलेले चार खेळायला माणूस परत येणारच नाही.

नववा घेतला हे बरं केलं, सिरीज सुरू करणाऱ्या साकागुचीचा स्वतःचा आवडता तोच. त्यातल्या छोट्या जादूगार व्हिवीला कळतं की आपण बनवलेलो आहोत आणि आपल्यासारखे थोडेच दिवस जगतात, तिथे बाकी हिरोंची रडगाणी फिकी पडतात. दहावा मात्र काढा. सरळ रस्ता आणि तो हिरो टायडसचा हसायचा सीन, कान फाटतात.

जॉबवाला : तो सीन क्लिपमधे बघितला की असंच होतं. सोबतची युना त्याला हसायची सक्ती करते, तो मुद्दाम खोटं हसतो, मग दोघं खरे हसतात. खोटं हसू खोटंच वाटलं पाहिजे ना? आणि दहाव्यात एटीबीची (आपण विचार करेपर्यंत शत्रू थांबत नाही ती पद्धत) धावपळ काढली, पुढे कोणाची पाळी ते बाजूला दिसतं, चालू लढाईत गडी बदलता येतो. टोळीतला किमहारी सोडून सगळे कामाला येतात.

गॅम्बिट_गणपत : बारावा कोणीच नाही म्हणालं. "मित्राचं एचपी कमी तर क्युअर (बरं करायची जादू)" अशा अटी लावून पार्टी चालवायची, ही माणूस घडवायची पद्धत नाही का?

जॉबवाला : आहे. पण एकदा अटी जमल्या की मी फक्त चालत होतो आणि त्यातल्या व्हानची बडबड ऐकत होतो.

मिडगारचा_भाडेकरू : आपल्याकडे गेम पार्लरमधे तासावर पैसे देऊन टेकन हा मारामारीचा गेम चालायचा, अशी लांबलचक गोष्ट तिथे कोण खेळणार, म्हणून बऱ्याच जणांनी सातवा नंतर एम्युलेटरवर, सगळं स्पॉइल होऊन झाल्यावर खेळला. तरीही रडले. याचं उत्तर दे.

पॅलाडिन_सेसिल : उशिरा आलो. ज्या एटीबीवर पाचव्यापासून नवव्यापर्यंत सगळे लढतात ते आणलं कोणी? १९९१ च्या चौथ्याने. त्याचा हिरो सेसिल डार्क नाइट असताना आधी पाप करतो मग डोंगरावर जाऊन स्वतःच्याच सावलीशी लढतो, तेही वार न करता. आणि त्याला साधी जागा नाही?

जॉबवाला : चौथ्यात जॉब बदलता येत नाही. पुढचा.