रायफलचं बॅरल (नळी) 0.18 मिलिमीटर आउट येतंय, फेकायचं का?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी आणि एक म्हातारी लेथ. बंदुकीतलं मला शून्य कळतं. थोरली लेक 50 मीटर रायफल खेळते (2024 ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणलं आणि आमच्या कोल्हापुरात पोराटोरांना नेमबाजीचं वेड लागलं, त्यातलीच ही). तिची .22 ची रायफल सेकंडहँड घेतलेली. बेंचवर टेकवून दहा मारल्या तर आठ 14 मिलिमीटरमध्ये बसतात आणि दोन उजवीकडे पळतात. दहाचं वर्तुळच 10.4 मिलिमीटरचं, तिथं ह्या दोन गोळ्या मॅच घालवतात.

लायसनवाल्या गनस्मिथकडे गेलो. डायल (बारीक फरक मोजायचं सुईचं घड्याळ) माझाच नेला, त्याच्याकडच्याची सुई अडकत होती. बोअर (नळीतलं भोक) दोन्ही टोकांना ट्रू करून, म्हणजे फिरताना डुगडुगणार नाही असं बांधून, बॅरलच्या मधोमध बाहेरून डायल लावला तर 0.18. चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती मागची जागा) आत 0.08. तो म्हणाला, वाकलंय, बदला. किंमत ऐकून मी पाणी मागितलं. पण 0.18 आउट असलेला शाफ्ट माझं गिऱ्हाईकही तोंडावर फेकतं, म्हणून त्याचं पटतंयसुद्धा. काय करू?

प्रेसवाला
व्ही-ब्लॉकवर ठेवा, कुठं फुगलंय त्यावर खूण करा आणि हायड्रॉलिक प्रेसनं हळूच दाबा. आम्ही रोलर असेच सरळ करतो. पाच मिनिटांचं काम.

जुना टर्नर, अंबरनाथ
प्रेसवाले दादा, हात आवरा. रोलर भरीव असतो. इथं आत बोअर आहे, आणि दाबलेलं बॅरल तापलं की पुन्हा स्वतःच्या मनानं वळतं.

शिरोलीकर, आधी त्या 0.18 चं भूत उतरवू. डायल दाखवतो त्याच्या निम्मं सेंटर सरकलेलं असतं, म्हणजे 0.09. आणि तो तुम्ही बाहेरून लावला होता, त्यामुळे दोनच शक्यता: बाहेरचं टर्निंग बोअरला धरून झालेलं नाही, किंवा अख्खं बॅरल किंचित धनुष्य झालंय. पहिली असेल तर 23 मिलिमीटरच्या बॅरलला एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा 0.18 नं जाड. भिंत आहे साडेआठ-पावणेनऊची. सोडून द्या. दुसरी असेल तर हिशेब करा: 650 लांबीत 0.09 ची कमान, तोंडाशी गोळी 50 मीटरवर साधारण 28 मिलिमीटर बाजूला जाईल. पण प्रत्येक गोळी तेवढीच जाईल! साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवले की संपलं.

मी अकरा वर्षं गनड्रिलवर, म्हणजे लांब खोल भोकं पाडायच्या मशीनवर होतो (हायड्रॉलिकचे पार्ट, बंदुका नाही). त्या ड्रिलला कापायची धार एकाच बाजूला, तेल ड्रिलच्या पोटातून जातं आणि चिप्स खाचेतून बाहेर येतात. ड्रिल टेकतं स्वतःच केलेल्या भोकाच्या भिंतीवर. एकदा भरकटलं की त्याच वाटेनं पुढे जातं. म्हणून जॉबही उलटा फिरवतात, तरी थोडं भरकटतंच. अगदी सरळ लांब भोक मी आजवर पाहिलेलं नाही.

मला खटकतंय ते तुमचं 0.08. मऊ शिशाची गोळी चेंबरमधून तिरकी किंवा एका अंगानं बोअरमध्ये शिरली तर ती आयुष्यभर लंगडी. आयुष्य म्हणजे 50 मीटर, पण तरी. कुणीतरी पूर्वी तीन जॉच्या चकात (लेथचा पंजा, तो अगदी मधोमध धरत नाही) धरून चेंबर कापलंय असं वाटतं. तपासायला सोपं आहे: रेंजवर, फायरिंग लाइनवर, तोंड टार्गेटकडे ठेवून काडतूस चेंबरमध्ये बसवा आणि न मारता बाहेर काढा. शिशावर रायफलिंगचे (बोअरमधल्या पीळदार खाचांचे) ओरखडे दिसतील. चारी बाजूंनी सारखे असतील तर चेंबरला माझी माफी. आणि रायफल रिकामी असताना तोंडाच्या कडेवर कान साफ करायची काडी आतून बाहेर फिरवा. कापसाचा धागा कुठं अडकला तर तिथं बर (धातूची बारीक उठलेली कड) आहे.

लोणी-पाव
काकांचं बरोबर, पण आधी काडतुसांचा लॉट (एका वेळी बनलेली खेप) बदलून बघितला का? एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे बसतात. म्हणून तर बडे खेळाडू रायफल घेऊन काडतुसांच्या कारखान्यात जातात आणि क्लॅम्पमध्ये बांधून लॉट निवडतात.

शिरोलीकर
काका, लोणी-पाव, आज रेंजवर जाऊन आलो. लॉट बदलला, दोन्ही पळपुट्या तशाच उजवीकडे. कापूस कुठंच अडकला नाही. पण काडतूस बाहेर काढलं आणि लेकीनंच आधी पाहिलं: एका बाजूला तीन ओरखडे खोल, नखाला लागतील एवढे, आणि समोरच्या बाजूला नुसती पुसट रेघ. पाच काडतुसं काढली, फिरवून फिरवून बसवली, खोल बाजू दरवेळी चेंबरच्या त्याच अंगाला.

गनस्मिथला फोटो पाठवला. आता म्हणतो, मागून 20 मिलिमीटर कापून बोअर दोन्ही टोकांना ट्रू करून नवं चेंबर टाकू. डायल मीच धरणार आहे. काका, बोअर ट्रू करताना डायलचा स्टायलस (टेकणारी काडी) चेंबर जिथं संपेल तिथं टेकवायचा की त्याहून आत? लांब स्टायलस मागवायचाय, लांबी सांगा.